फॉर्म 'सबमिट' केल्यावर आत काय होतं? वाळूजचं बिल, महाडीबीटीचा अर्ज आणि इन्स्टाग्रामवरची ऑर्डर

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एखादा छोटा कारखाना घ्या. माल टेम्पोत चढतो, तेव्हा ऑफिसात एक बिल तयार होत असतं. त्याच वेळी फुलंब्रीच्या सेवा केंद्रात कुणीतरी ठिबक सिंचनाच्या अनुदानासाठी अर्ज भरत असतं. आणि पैठणची एक विणकर ताई इन्स्टाग्रामवर टाकलेल्या पैठणीसाठी आलेला गुगल फॉर्म उघडून बघत असते.

तिन्ही ठिकाणी कुणीतरी फॉर्म भरला आणि 'सबमिट' दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली. पण त्या खुणेचा अर्थ एवढाच, की माहिती पहिल्या दारातून आत गेली. पुढे तिला आणखी चार दारं ओलांडायची असतात, आणि ती दारं वेगवेगळ्या मालकांची असतात. जीएसटीचं पोर्टल, आधारची यंत्रणा, जमिनीच्या नोंदी, बँक, कुरिअर, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर.

"फॉर्म भरलाय, पण पैसे आले नाहीत", "बिल काढलंय, पण गेटवर गाडी अडवली", "पेमेंट कटलं, पण ऑर्डर दिसत नाही". अशा बहुतेक तक्रारींचं मूळ या दारांच्या मधल्या जागेत असतं. ही जोडणी नेमकी कशी चालते, ती कुठे तुटते आणि तुटली तर आपण काय करायचं, ते समजून घेऊ.

दोन सिस्टीम एकमेकींशी बोलतात म्हणजे काय?

एका सिस्टीममधली माहिती दुसरीत न्यायचे साधारण चार मार्ग असतात.

१. माणूस. एका स्क्रीनवर बघायचं आणि दुसऱ्या स्क्रीनवर टाइप करायचं. आजही कितीतरी ऑफिसं अशीच चालतात. खर्च कमी वाटतो, पण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

२. फाइल. दिवसभराच्या नोंदींची एक्सेल किंवा तशीच फाइल काढायची आणि संध्याकाळी दुसरीकडे अपलोड करायची. एसटीने पार्सल पाठवल्यासारखं. सगळं एकदम जातं, पण गाडी सुटेपर्यंत थांबावं लागतं.

३. एपीआय. ही तहसील कार्यालयातल्या खिडकीसारखी असते. खिडकीवर ठरलेल्या नमुन्यात कागद द्यायचा, आत काय चालतं ते बघायची गरज नाही. ठरलेल्या नमुन्यातच उत्तर मिळतं. नमुना चुकला तर कागद परत. फरक इतकाच की ही खिडकी सॉफ्टवेअरसाठी असते आणि उत्तर काही सेकंदांत येतं.

४. वेबहुक. एपीआयमध्ये आपण जाऊन विचारतो, "झालं का काम?" वेबहुकमध्ये समोरची सिस्टीम स्वतःहून कळवते, "झालं बरं का." गाडी पोहोचली की मिस्ड कॉल देतो म्हणतात, तसंच. पेमेंट गेटवे 'पैसे जमा झाले' हे दुकानाच्या सिस्टीमला याच पद्धतीने सांगतात.

हे मार्ग एकमेकांना पर्याय आहेतच असं नाही. एकाच कामात चारही वापरले जातात. वाळूजच्या बिलात तर हमखास.

वाळूजचं बिल: एका टेम्पोमागे किती सिस्टीम?

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग पुरवणाऱ्यांची मोठी साखळी उभी राहिली. पुढे शेंद्रा आणि मग ऑरिक ही औद्योगिक नगरी आली. या साखळीतल्या छोट्या उद्योजकाचा धंदा वेळेवर चालतो. माल वेळेत पोहोचला नाही, तर समोरची असेंब्ली लाइन थांबू शकते. आणि माल पोहोचला पण कागद जुळले नाहीत, तर पैसे थांबतात.

म्हणून इथे बिल हा कागद राहिलेला नाही. तो माहितीचा एक ठरलेला संच झाला आहे.

जीएसटीत ई-इनव्हॉइस १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालं. सुरुवातीला फक्त ५०० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी. मग मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली: १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी. १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली. २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर दुसऱ्या व्यवसायाला दिलेल्या बिलासाठी ई-इनव्हॉइस करावं लागतं. काही मोजक्या क्षेत्रांना सूट आहे, पण सुटे भाग बनवणारा कारखाना त्यात बसत नाही. याच शेवटच्या टप्प्यात अनेक छोट्या कारखान्यांना पहिल्यांदा आपलं सॉफ्टवेअर सरकारी सिस्टीमला जोडावं लागलं.

आता एका बिलाचा प्रवास बघा.

पहिला टप्पा: कारखान्यातल्या टॅली किंवा दुसऱ्या ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये बिल तयार होतं. त्यात दोन्ही बाजूंचे जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, मालाचा एचएसएन कोड, नग, दर, कर आणि पिनकोड असतो.

दुसरा टप्पा: सॉफ्टवेअर ही माहिती ठरलेल्या नमुन्यात बांधतं. या नमुन्याला जेसन म्हणतात. ती फाइल इनव्हॉइस रजिस्ट्रेशन पोर्टलकडे जाते. एनआयसीसोबत आता काही खासगी कंपन्यांनाही असं पोर्टल चालवायची परवानगी आहे. छोटे कारखाने सहसा थेट जोडणी करत नाहीत. ते मधल्या अधिकृत सेवा पुरवठादारामार्फत किंवा फाइल अपलोड करून काम भागवतात.

तिसरा टप्पा: पोर्टल तपासणी करतं. जीएसटी क्रमांक चालू आहे का? पिनकोड त्या राज्यातला आहे का? राज्यातल्या राज्यात विक्री असताना आयजीएसटी तर लावला नाही ना? सगळं बरोबर असेल तर ६४ अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो. त्याला आयआरएन म्हणतात. सोबत डिजिटल सही केलेला क्यूआर कोड येतो.

चौथा टप्पा: तोच क्यूआर बिलावर छापला जातो. माल गाडीतून जाणार असेल आणि रक्कम मर्यादेच्या वर असेल, तर ई-वे बिलही लागतं. राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ही मर्यादा ५० हजार रुपये आहे, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपये. वाहनाचे तपशील दिले असतील तर आयआरएन मागतानाच ई-वे बिलही तयार करून घेता येतं.

पाचवा टप्पा: मोठ्या कंपन्यांकडे सहसा पुरवठादारांसाठी वेगळं पोर्टल असतं. माल निघाल्याची आगाऊ सूचना तिथे टाकावी लागते. त्यातला ऑर्डर क्रमांक, पार्ट नंबर आणि नग बिलाशी जुळले, तर गेटवर नोंद होते, माल उतरतो, पावती बनते. पैसे देण्याची प्रक्रिया तिथून पुढे सुरू होते.

सहावा टप्पा: ई-इनव्हॉइसची माहिती जीएसटी पोर्टलवर विक्रेत्याच्या जीएसटीआर-१ मध्ये आपोआप जाते. विक्रेत्याने विवरण भरलं की ते बिल खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतं आणि त्यावरून त्याला कराची वजावट मिळते.

नियम स्पष्ट आहे. ज्याला ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे त्याने ते न करता दिलेलं बिल, कायद्याच्या नजरेत बिलच नाही. म्हणजे खरेदीदाराची वजावट धोक्यात. मग तो माल घेईल, पण पैसे देताना हात आखडेल. मोठ्या कंपनीला याचा त्रास थोडा, छोट्या पुरवठादाराला जास्त. कारण त्याचं खेळतं भांडवलच तेवढं असतं.

एक ठरलेली चूक: इंटरनेट गेलं आणि बिल दोनदा गेलं

ही चूक समजली तर सिस्टीम जोडणीचं निम्मं शास्त्र समजलं म्हणायचं.

समजा बिल क्रमांक १०१ पोर्टलकडे पाठवलं. पोर्टलने आयआरएन तयार केला. पण उत्तर परत येण्याआधी वीज गेली किंवा नेट तुटलं. इकडे ऑपरेटरच्या स्क्रीनवर काहीच नाही. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवतोय. ऑपरेटर पुन्हा बटण दाबतो. या वेळी उत्तर येतं, "डुप्लिकेट आयआरएन".

आता दोन रस्ते आहेत.

चुकीचा रस्ता म्हणजे बिल क्रमांक बदलून '१०१ए' करायचा. आयआरएन लगेच मिळतो, गाडी निघते. पण सरकारच्या नोंदीत आता एकाच मालाची दोन बिलं आहेत आणि दोन्हींवरचा कर तुमच्या नावावर. महिन्याच्या शेवटी ताळा जमत नाही, तेव्हा हे कळतं. आयआरएन पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात. त्यानंतर क्रेडिट नोटचा लांबचा रस्ता.

बरोबर रस्ता म्हणजे पोर्टललाच विचारायचं, "१०१ साठी आधी दिलेला आयआरएन कोणता?" तशी सोय आहे. बिल क्रमांक आणि तारीख दिली की जुनं उत्तर पुन्हा मिळतं.

पोर्टलला डुप्लिकेट ओळखता येतं, कारण आयआरएन मनाने दिलेला नसतो. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांच्यावरून गणिताने तो तयार होतो. तीच माहिती पुन्हा दिली, तर तोच क्रमांक निघणार. इंग्रजी अक्षरांच्या लहान-मोठ्या लिपीने गोंधळ होऊ नये म्हणून १ जून २०२५ पासून बिल क्रमांकातली लहान अक्षरं मोठीच धरली जातात.

यातून दोन नियम निघतात, जे सगळ्या फॉर्मना लागू होतात. एक, उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं कधीच समजायचं नाही. दोन, प्रत्येक नोंदीला असा एक क्रमांक हवा की ती दहा वेळा पाठवली तरी एकदाच मोजली जाईल.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्याहून जास्त उलाढाल असलेल्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर नोंदवावं लागतं. त्यानंतर पोर्टल ते बिल घेतच नाही. म्हणजे 'नंतर बघू' म्हणून ठेवलेली चूक नंतर दुरुस्तच होत नाही.

शेतकऱ्याचा अर्ज: इथे तर सिस्टीम आणखी जास्त

कारखान्यात निदान अकाउंटंट असतो. शेतकऱ्याच्या अर्जात जोडणी तुटली, तर ती शोधायची जबाबदारी त्याच्यावरच येते.

कृषी विभागाच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. ठिबक, ट्रॅक्टर, अवजारं, सगळं तिथेच. निवड, कागदपत्रं, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी आणि मग अनुदान, असा त्याचा साधारण क्रम. यातले काही टप्पे मशीन करतं, काही माणूस. मोका तपासणीला कुणालातरी शेतात जावंच लागतं. फॉर्म ऑनलाइन झाला म्हणजे सगळी प्रक्रिया आपोआप झाली असं नाही, ते इथे दिसतं.

आता हा अर्ज कुणाकुणाशी बोलतो?

- आधार: तुम्ही तुम्हीच आहात का?
- जमिनीच्या नोंदी: सातबारा आणि आठ-अ तुमच्या नावावर आहे का?
- फार्मर आयडी: ॲग्रिस्टॅकमध्ये तुमची नोंद आहे का?
- ई-पीक पाहणी: काही कामांसाठी, शेतात यंदा काय पेरलं आहे?
- बँक: पैसे कुठल्या खात्यात टाकायचे?

या सगळ्यांना एकत्र बांधणारा दुवा म्हणून फार्मर आयडी आणला गेला. केंद्राच्या डिजिटल कृषी मिशनला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ॲग्रिस्टॅकमध्ये तीन मुख्य नोंदवह्या आहेत: शेतकऱ्यांची, गावनकाशांची आणि पेरलेल्या पिकांची. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी फार्मर आयडी बंधनकारक झाला. पिकांच्या नोंदीसाठी राज्यात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून आहेच.

कल्पना चांगली आहे. दर वेळी सातबारा अपलोड करण्यापेक्षा एकदाच ओळख पटवायची. पण यात एक मूळ अडचण आहे. ही सगळी दप्तरं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी लिहिली गेली. सातबारावर 'रामराव किसनराव', आधारवर फक्त 'राम किसन', बँकेत इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग. माणसाला कळतं की माणूस एकच. मशीनला तीन वेगळी नावं दिसतात. म्हणूनच फार्मर आयडीच्या नोंदणीत आधारवरचं नाव आणि जमिनीच्या नोंदीतलं नाव किती जुळतं, ते पाहिलं जातं. कमी जुळलं, तर प्रकरण माणसाकडे तपासायला जातं.

वारसनोंद झालेली नसेल तर प्रश्न आणखी अवघड. शेत मुलगा कसतो, सातबारा अजून वडिलांच्या नावावर. वडील हयात नाहीत. हा प्रश्न कुठलंच सॉफ्टवेअर सोडवू शकत नाही. त्यासाठी आधी तलाठ्याकडे फेरफार करून घ्यावा लागतो.

'आधार लिंक आहे', तरी पैसे का येत नाहीत?

हा प्रश्न २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली, तेव्हा घराघरात विचारला गेला. महिन्याला १,५०० रुपये. अर्ज मंजूर, पण खात्यात काही नाही. तेव्हा 'आधार सीडिंग' हा शब्द चर्चेत आला.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात.

आधार लिंक: बँकेने ओळखपत्र म्हणून तुमचा आधार क्रमांक घेतला.

आधार सीडिंग: थेट लाभ याच खात्यात घ्यायचा, अशी तुमची संमती घेऊन बँकेने ती माहिती एनपीसीआयकडे कळवली.

एनपीसीआयकडे एक नोंदवही असते, तिला मॅपर म्हणतात. कुठल्या आधार क्रमांकाचे पैसे कुठल्या बँकेकडे पाठवायचे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. एका आधारसमोर एकच बँक. तुम्ही नंतर दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथे सीडिंग केलं, तर जुनी बँक जाऊन नवी येते. म्हणजे तुम्ही फॉर्मवर जिल्हा बँकेचा खाते क्रमांक लिहिलेला असतो, आणि पैसे मात्र दोन वर्षांपूर्वी मोबाइलवरून उघडून विसरलेल्या खात्यात जाऊन पडतात. पैसे हरवलेले नसतात. फॉर्म एक सांगतो आणि नोंदवही दुसरं. आधार आधारित पेमेंटमध्ये नोंदवहीचं ऐकलं जातं.

हे तपासायला सेवा केंद्रात रांग लावायची गरज नाही. मायआधारच्या वेबसाइटवर लॉग इन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. कुठली बँक आणि ती सक्रिय आहे की नाही, लगेच दिसतं.

शहराचं नाव बदललं, सिस्टीमचं काय?

छत्रपती संभाजीनगरकरांना हा धडा घरबसल्या मिळाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली, सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचंही नाव बदललं. पण फॉर्मच्या यादीत कुठे 'औरंगाबाद', कुठे 'छत्रपती संभाजीनगर', कुठे नुसतं 'संभाजीनगर', कुठे 'छ. संभाजीनगर'. धाराशिव आणि अहिल्यानगरच्या लोकांनाही हा अनुभव असेल.

नावावरून दोन सिस्टीम जोडल्या असतील, तर त्या इथे फसतात. एकीकडे जुनं नाव, दुसरीकडे नवं, आणि सॉफ्टवेअर म्हणतं, 'असा जिल्हाच नाही.' त्यात बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. म्हणजे नाव बदललं नसतं तरी फक्त नावावर विसंबणं धोक्याचंच होतं.

कोडवरून जोडलेल्या सिस्टीमना मात्र फारसा धक्का बसला नाही. गाड्यांचा एमएच-२० तोच राहिला. शहराचा ४३१००१ हा पिनकोड तोच. जीएसटी क्रमांकाची सुरुवात महाराष्ट्राच्या २७ नेच होते. विमानतळाचा आयएक्सयू हा कोडही तोच आहे. रेल्वेने मात्र २०२५ मध्ये स्टेशनचं नाव बदलताना कोडही बदलला. 'एडब्ल्यूबी'चं 'सीपीएसएन' झालं. मग जुना कोड लिहून ठेवलेल्या प्रत्येक ॲपला आपली यादी दुरुस्त करावी लागते.

धडा सरळ आहे. नाव माणसांसाठी दाखवा, जोडणी कोडवर करा.

छोट्या धंद्याला हे कसं करता येईल?

तुम्ही इन्स्टाग्रामवर पैठणी, हिमरू शाली, लोणची किंवा केक विकत असाल, तर हे सगळं तुमच्याही कामाचं आहे. सुरुवातीला खर्च जवळपास शून्य.

गुगल फॉर्म भरला की माहिती गुगल शीटमध्ये आपोआप जाते. शीटमागे ॲप्स स्क्रिप्ट नावाची सोय असते. तिने नवीन ऑर्डर आली की ईमेल पाठवता येतो, ऑर्डर क्रमांक देता येतो. कोड लिहायचा नसेल तर झोहो फ्लो, झॅपियर, मेक, पॅबली यांसारख्या सेवा आहेत. 'हे झालं की ते कर' असं त्यांना सांगायचं: फॉर्म आला की शीटमध्ये लिही, पेमेंट आलं की ग्राहकाला मेसेज कर, मग कुरिअरची नोंद कर. टॅलीलाही बाहेरून ठरलेल्या नमुन्यात नोंदी देता येतात, पण ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

ही जोडणी करताना पाच गोष्टी पाळा.

१. पहिल्या मिनिटाला क्रमांक द्या. प्रत्येक ऑर्डरला वेगळा क्रमांक. पेमेंट, पार्सल, तक्रार, सगळीकडे तोच. मोबाइल नंबरला ऑर्डर क्रमांक समजू नका. एकाच ताईने दोन साड्या घेतल्या की गोंधळ.

२. चूक दारातच अडवा. पिनकोड सहा अंकी आहे का, मोबाइल दहा अंकी आहे का, हे फॉर्मनेच तपासावं. गावाचं नाव टाइप करायला लावण्यापेक्षा यादीतून निवडायला द्या.

३. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका. पैसे आल्याचा पुरावा म्हणजे तुमच्या बँकेची किंवा पेमेंट गेटवेची नोंद. ग्राहकाने पाठवलेलं चित्र कुणीही बनवू शकतं.

४. अडकलेल्या नोंदी दिसू द्या. शीटमध्ये 'स्थिती' नावाचा एक रकाना ठेवा: आली, पैसे मिळाले, पाठवली, अडकली. रोज संध्याकाळी फक्त 'अडकली' बघायचं. ज्या जोडणीत चूक झाली तरी कुणाला कळत नाही, ती हाताने काम करण्यापेक्षा वाईट.

५. रोजचा ताळा जमवा. फॉर्म किती आले, पैसे किती जणांचे आले, पार्सल किती गेली. तीन आकडे. जुळले तर झोप, नाही जुळले तर आजच शोधा. आठवड्यानंतर कुणालाच काही आठवत नाही.

दुसऱ्याची माहिती हातात आली, मग जबाबदारी कुणाची?

फॉर्म जोडणं जितकं सोपं, तितकी माहिती जास्त हातांत जाते. एक गुगल शीट, तिचा प्रवेश 'लिंक असलेल्या कुणालाही' असा ठेवलेला, आणि ती लिंक ग्रुपवर फिरली, की शेकडो लोकांचे पत्ते आणि मोबाइल नंबर उघड्यावर.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. गाभा साधा आहे: कशासाठी माहिती घेताय ते सांगा, संमती घ्या, लागेल तेवढीच घ्या, सांभाळा आणि काम संपल्यावर काढून टाका. साडीच्या ऑर्डरला आधार क्रमांक लागत नाही. मग मागायचाही नाही.

याची दुसरी बाजू फसवणुकीची आहे. योजनांची गर्दी असते तेव्हा बनावट फॉर्मही येतात. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या किंवा ई-चलनच्या नावाने येणारी 'एपीके' फाइल हा त्यातलाच प्रकार. ती उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले मेसेज, म्हणजे ओटीपीही, दुसऱ्याच्या हाती जातात. सरकारी फॉर्म असेल तर वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

अर्ज अडकला तर काय करायचं?

आधी हे ठरवा, की तो नेमका कुठल्या दारात अडकला आहे.

- अर्ज क्रमांकच मिळाला नसेल, तर फॉर्म पहिल्या दारातच आहे. लगेच दुसरा भरू नका, आधी लॉग इन करून जुना दिसतो का बघा.
- 'पडताळणी प्रलंबित' असेल, तर नाव किंवा जमिनीची नोंद जुळत नसण्याची शक्यता आहे. आधार, सातबारा आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नाव अक्षरशः जुळवून बघा.
- 'मंजूर' असेल आणि पैसे नसतील, तर बँक सीडिंग तपासा. जुनी, विसरलेली खातीसुद्धा.
- 'अधिकाऱ्याकडे प्रलंबित' असेल, तर तिथे मशीन नाही, माणूस आहे. अर्ज क्रमांक घेऊन त्याच कार्यालयात जा.

शेवटच्या प्रकारासाठी तुमच्याकडे एक हत्यार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा त्यात तुमचा हक्क आहे. मुदत उलटली किंवा कारण न देता अर्ज फेटाळला, तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग, अशी वाट आहे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे करायला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे अर्ज क्रमांक आणि तारीख असलेली पोचपावती. म्हणून हिरवी खूण दिसली की खिडकी बंद करू नका. आधी पोचपावती डाउनलोड करा.

थोडक्यात

- 'सबमिट' म्हणजे काम सुरू झालं. संपलं नाही.
- सिस्टीम नावाने नाही, क्रमांकाने ओळखतात. तो जपून ठेवा.
- उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवण्याआधी विचारा, पहिलं पोहोचलं का?
- आधार लिंक आणि आधार सीडिंग वेगळं आहे.
- रोजचा ताळा रोज जमवा. वाळूजच्या कारखान्यालाही हेच लागू, पैठणच्या ताईलाही.

घरात कुणाचा अर्ज अडकलेला असेल, तर आज फक्त एक करा. त्यांच्यासोबत बसून बँक सीडिंग स्टेटस बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.